पुढची सीट

राजांच्या दारात हसबल्लाइतका उभा राहिलेला माणूस अख्ख्या कुर्ना गावात दुसरा नसेल, आणि दारात उभे राहूनही त्याच्याइतका आत न गेलेलाही नसेल. मिसरूड फुटल्यापासून तो पर्यटकांची मायक्रोबस चालवतो. सकाळी नदीच्या पश्चिम काठावर लाँच लागली की पाहुणे उचलायचे. आधी शेतांच्या कडेला बसलेली दगडी राजांची जोडी, मग राजांची दरी, मग राणीचे देऊळ, आणि दुपारच्या अजानच्या आत सगळ्यांना पुन्हा धक्क्यावर आणून सोडायचे. पाहुणे थडग्यात उतरले की हसबल्ला सावली बघून गाडी लावतो, चपला काढून सीटवर मांडी घालतो आणि चहा मागवतो. कोणत्या राजाने कुठे लढाई मारली हे त्याला विचारू नका, कोणत्या राजाच्या दारात सावली जास्त वेळ टिकते ते विचारा. आत का जात नाहीस, असे कोणी म्हटलेच तर त्याचे उत्तर तयार असते. त्या थडग्यांच्या टेकडीवरच जन्मलो, आमच्या शेळ्या अशाच एका थडग्यात बांधलेल्या असायच्या, आता शेळ्यांचा गोठा बघायला कोण तिकीट काढतो!

गाडीत तो एकच नियम कडक पाळत आला होता, तो म्हणजे पुढची सीट गाईडची. बडबडे, घुमे, घोरणारे, पेंगणारे, सगळ्या तऱ्हेचे गाईड त्या सीटवर बसून गेले. नियम मोडायचा तो एकाच माणसापुढे, थोरल्या भावापुढे. त्याचे नाव सनूसी, घराण्यातला वडीलधारा, अंगाने भक्कम, डोक्याला पांढराशुभ्र फेटा. पुढे कोण बसले आहे याची चौकशी न करता तो सरळ दार उघडून उभा राही, आणि बसलेला माणूस निमूट मागे जाई. हसबल्लाची बायको हानम लग्न झाल्यापासून अशी मागे जात आली होती. एकदा तर कैरोचा एक नामांकित गाईड आपली सुटकेस पोटाशी धरून मागे जाऊन बसला होता.

आणि आता त्याच सीटवर बसायला हसबल्लाची मुलगी आली होती.

इन्साफ हे नाव तिच्या आजीचे. आजीचे नाव मिळाले आणि आजीचा हट्टही मिळाला. पलीकडच्या तीरावर कॉलेजात जाऊन ती स्पॅनिश शिकली, गाईडची परीक्षा पास झाली, परवाना गळ्यात अडकवून घरी आली. हानमने आनंदाने जीभ हलवत असा आवाज काढला, की शेजारच्या कोंबड्या पांगल्या. पण त्या आठवड्यात पुरुषांच्या बैठकीत सनूसीने विषय काढला. आपल्या घराण्यातली पोरगी परक्या माणसांना घेऊन डोंगरात फिरणार, हे त्याला पटत नव्हते. इस्नाच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाचे स्थळ त्याच्या हातात होते. आधी लग्न, मग हवे तर घरात बसून स्पॅनिश बोलावे, असे त्याचे म्हणणे. हसबल्ला भावापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला, आणि नको तितके बोलून गेला. पहिली फेरी नीट पार पडली तर पोरगी काम करील, फसली तर मी स्वतः तिला घरी बसवीन आणि इस्नाला होकार कळवीन, असे तो सगळ्यांदेखत म्हणाला. बैठकीत दिलेला शब्द तिकडे कोणी मागे घेत नाही.

घरी येऊन त्याने हे इन्साफला सांगितले.

“बाबा, माझ्या कामावर शब्द तुम्ही दिलात?”

“तोंडातून गेलं, पोरी.”

“मग आता गप्प राहा. गाडी चालवा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

तिची अडचण उघड होती. पलीकडच्या काठाला लागणाऱ्या पर्यटकांच्या बोटीच्या कारभाऱ्याने तिला एक टोळी दिली होती, नुसती आजमावण्यासाठी. स्पेनची निवृत्त मंडळी, सगळी म्हातारी. तिन्ही ठिकाणे दाखवायची, एकही गाळायचे नाही, आणि बोट अजानच्या वेळी सुटणार ती सुटणारच. टोळीला उशीर झाला किंवा कोणी तक्रार केली, तर दुसरे बोलावणे येणार नाही, असे त्याने तिला गोड शब्दांत बजावले होते.

हसबल्ला गप्प राहिला असता तर तो हसबल्ला कसला? आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो गाडी घेऊन गुपचूप बाहेर पडला आणि वाटेवरच्या प्रत्येक ओळखीच्या दारात थांबला. दगडी जोडीजवळ राहणारी त्याची बहीण बखीता, दरीतला पहारेकरी बगदादी आणि त्याचे सोबती, देवळापाशी चहा विकणारे, तिकिटे फाडणारे. सगळ्यांना एकच सांगणे. उद्या माझी इन्साफ येते आहे, पहिलीच खेप आहे, जरा लक्ष असू द्या. त्याच्या मनात एवढेच होते, की फेरीवाल्यांनी तिला छळू नये, कोणी तिची वाट अडवू नये. पण आमच्याकडे ‘आपली पोर येते आहे, लक्ष असू द्या’ असे सांगितल्यावर माणूस काय समजेल हे शेंबडे पोरही सांगेल. ते हसबल्लाला सुचले नाही, कारण उद्याच्या फेरीपलीकडे त्याला काही दिसतच नव्हते.

सकाळी त्याने पुढची सीट ओल्या फडक्याने पुसली, परत कोरड्या फडक्याने पुसली. इन्साफने थडग्यांच्या चित्रांची चळत आणि पिवळे निशाण मांडीवर घेतले. पाहुणे चढले. शेवटी काठी टेकत एक आजीबाई आल्या, तांबूस केसांच्या, मिस्कील डोळ्यांच्या. त्यांनी पायरीवर उभे राहून आधी हसबल्लाला नीट न्याहाळले आणि मगच आत पाऊल टाकले. इन्साफ मागे वळून बोलायला लागली. हसबल्लाला एक अक्षर कळत नव्हते, पण आवाज आपल्याच पोरीचा आहे हे आरशात बघून त्याला पुन्हापुन्हा पटवून घ्यावेसे वाटत होते.

दगडी जोडीपाशी खाली उतरून दोन शब्द सांगायचे, छायाचित्रे काढू द्यायची आणि निघायचे, असा तिचा बेत. पण राजांच्या पायांपाशी बखीता आत्या उभी होती, शेजारपाजारच्या चार बायका, डोक्यांवर टोपल्या. टोपल्यांत उन्हात फुगवून भाजलेल्या जाड भाकरी, चीज, आणि काकवीचे भांडे. आत्याने इन्साफचे दोन्ही गाल धरून मुके घेतले आणि पाहुण्यांकडे वळली. भाकर मोडायची, काकवीत बुडवायची, हातात द्यायची. नको म्हणायला पाहुण्यांना अरबी येत नव्हते आणि भाकर गरम होती. म्हातारी मंडळी चाटूनपुसून खाऊ लागली. एका आजोबांनी तर राजांकडे पाठ फिरवून बखीताचा फोटो काढला. आता आवर, म्हणून इन्साफ आत्याच्या पाया पडायची तेवढी राहिली होती.

गाडीत बसल्यावर ती बापाकडे न बघता म्हणाली, “हे तुम्ही केलंत.”

“मी फक्त म्हटलं होतं, लक्ष असू दे.”

“आणखी कोणाकोणाला म्हटलंत?”

हसबल्लाने गिअर बदलला. त्या वळणावर गिअर बदलायची काही गरज नव्हती.

दरीत काय वाढून ठेवले असेल याची तिला तिथेच कल्पना आली. बगदादी सगळ्या पहारेकऱ्यांना घेऊन छपराखाली उभा होता. चहाचे ग्लास मांडलेले, साखर घातलेली, पुदिना घातलेला. थडग्यात गाईडने बोलायचे नाही असा नियम आहे, म्हणून सगळे बाहेरच चित्रे दाखवून सांगावे लागते, आणि सांगायला सावली एकच. त्या सावलीत बगदादीचा चहा. त्यात आमच्याकडचे कुशल विचारणे म्हणजे सोपी गोष्ट नाही. तू कशी आहेस, आई कशी आहे, आईची आई कशी होती, म्हैस व्याली का, आणि मग पहिल्यापासून पुन्हा, कारण पहिल्या खेपेचे उत्तर कोणी खरे धरत नाही. एका पहारेकऱ्याचे झाले की दुसरा पुढे. नाही म्हणावे तर अपमान, आणि हीच माणसे उद्यापासून रोज दारात भेटणार. इन्साफने एका हातात चित्र धरले, दुसऱ्या हातात ग्लास, आणि अर्धे वाक्य स्पॅनिशमध्ये, अर्धे अरबीत बोलत तिने राजाचा पाताळातला प्रवास कसाबसा पार पाडला. चहा तिने ओठाला नुसता लावला.

पाहुणे थडग्यांतून वर आले तेव्हा ऊन पार डोक्याकडे सरकले होते. हसबल्लाला घड्याळाची गरज नव्हती. आपल्या रोजच्या जागेवरची सावली कुठवर आखडली ते बघून त्याने हिशेब केला. आता एक तर देऊळ गाळावे लागणार किंवा बोट जाणार. देऊळ गाळले तर तक्रार, बोट गेली तर सगळेच गेले. आणि हा सगळा उद्योग दुसऱ्या कोणाचा नाही, आपला स्वतःचा. परक्याने मुलीचे नुकसान केले असते तर त्याच्याशी भांडता तरी आले असते.

इन्साफ आली, तिने पाहुणे मोजून चढवले आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “देवळापाशी कोण आहे?”

“चहावाला रसूल. आणि तिकिटाच्या दारावरची पोरं.”

“फोन करा. म्हणावं, आज कोणीही मला सलामसुद्धा करायचा नाही. उद्या करा, परवा करा, जन्मभर करा. आज नाही.”

त्याने तिच्यासमोरच फोन केला. रसूल दुखावला. उसाचा रस काढून ठेवला होता म्हणाला. हसबल्लाने त्याची माफी मागितली, त्याच्या मुलाबाळांना दुआ दिल्या आणि फोन ठेवला. असे कोणाला तोडून बोलायची त्याची ती पहिलीच वेळ.

देवळाच्या दारात खरोखरच कोणी मान वर केली नाही. रसूल तर पाठ करून उभा होता, रुसलेल्या माणसासारखा. वाट मोकळी झाली, पण नवीनच अडचण उभी राहिली. काठीवाल्या आजीबाईंचे पाय दरीतल्या पायऱ्यांनी थकले होते. त्यांच्या चालीने सगळे गेले तर वेळ पुरणार नाही, आणि त्यांना गाडीत ठेवावे तर त्यांच्यापुरते देऊळ गाळल्यासारखे. इन्साफने एकदा आजींकडे पाहिले, एकदा बापाकडे.

“बाबा, चपला घाला. यांना हात द्या आणि मागून सावकाश या.”

“मी? आत?”

“तुम्हीच.”

असा हसबल्ला जन्मात पहिल्यांदा देवळाचा चढ चढला. एका हाताला आजीबाई, दुसऱ्या हातात त्यांची काठी. आजी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, तो अरबीत हो हो म्हणत होता, दोघांचे छान जमले. वरच्या सज्ज्यावर पोचला तेव्हा इन्साफ भिंतीवरची चित्रे सांगत होती. गलबते, त्यांवर लादलेली झाडे, दूर देशाची जाडजूड राणी. तिचा आवाज चढत नव्हता, हात भलतीकडे उडत नव्हते. पाहुणे तिच्याकडे बघत होते, मग ती बोट दाखवील तिकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याच्या सीटवर बसून गेलेले इतके गाईड त्याने पाहिले होते, पण ते काम करताना कसे दिसतात हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. हिला हे येते, असे त्याच्या मनात आले.

मग इन्साफने सगळ्यांना भिंतीकडे पाठ करायला लावली. तिने हात लांब केला तो डावीकडच्या उघड्याबोडक्या टेकडीकडे, जिथे पूर्वी गाव वसले होते आणि आता घरे उरली नव्हती. ती बोलू लागली, आणि त्या अनोळखी बोलीतून एकाएकी ‘कुर्ना’ ऐकू आले. मग ‘शेळ्या’ दाखवायला तिने डोक्याला दोन बोटे लावली. मग स्वच्छ ‘हसबल्ला’. सगळी मंडळी वळून त्याच्याकडे बघायला लागली. कोणीतरी टाळी वाजवली. आजीबाईंनी त्याचा दंड दाबला. हसबल्लाला काय करावे सुचेना, म्हणून त्याने छातीवर हात ठेवला आणि काठी खाली पडली.

उतरताना त्याने आजींना जवळजवळ उचलूनच आणले. गाडी सुटली. रस्ता मोकळा होता, वेळ नेमका हातात होता, थांबलो नाही तर पोचतो असा. इन्साफ पुढे बघत बसली होती, हातातले निशाण घट्ट धरून.

आणि गावाच्या वळणावर सनूसी उभा होता.

हसबल्लाने त्याला निरोप दिला नव्हता, पण अशा गोष्टी गावात लपतात थोड्याच. बखीताने पाहुण्यांना भाकर दिली, बगदादीने चहा दिला, आणि घराण्यातल्या थोरल्याच्या दारावरून पाहुणे उपाशी जाणार? इन्साफच्या कामाला त्याचा विरोध होता तो होताच. पण विरोध विरोधाच्या जागी आणि पाहुणा पाहुण्याच्या जागी. अंगणात चटया घातल्या होत्या, भाजलेल्या बदकांच्या मोठाल्या पराती फडक्यांनी झाकल्या होत्या, सगळी भावकी दारात जमली होती, आणि सनूसी रस्त्यावर हात वर करून उभा होता.

“बाबा, काका आहेत,” इन्साफ म्हणाली.

“दिसले.”

पुढे जा म्हणणे तिच्या तोंडी शोभले नसते, आणि थांबा म्हणणे परवडणारे नव्हते. हसबल्लाचा पाय सवयीने ब्रेकवर गेलाही होता. या माणसापुढे तो कधी ताठ बसला नव्हता, याने पहिला घास घेण्याआधी कधी जेवला नव्हता. थांबावे तर मुलगी जन्मभर इस्नाला दाण्याच्या पोत्यांमागे बसणार. न थांबावे तर भावकीदेखत थोरल्याचा पाणउतारा, आणि तो विसरणारा माणूस नव्हे. सकाळपासून आपण सगळ्यांना खूश ठेवायला गेलो आणि एका पोरीचा तेवढा जीव टांगणीला लावला, हे त्याला त्या क्षणी अगदी लख्ख कळले. त्याने पाय उचलला, उजवा हात छातीवर ठेवला, भावाच्या डोळ्यांत बघून मान झुकवली आणि गाडी पुढे काढली. आरशात सनूसीचा हात बराच वेळ तसाच वर दिसत राहिला.

धक्क्यावर लाँच धूर सोडत उभी होती. पाहुणे चढले, इन्साफने परत मोजले. आजीबाईंनी हसबल्लाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले तेव्हा लाँचवाले खदाखदा हसले. लाँच पल्याड बोटीला लागली, शेवटची काठी आत गेली, आणि मग कुठे मशिदीतून अजान सुरू झाली. इन्साफ दगडावर बसली. थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. कारभारी होता. मंडळी खूश आहेत म्हणाला, उद्या दुसरी टोळी आहे, वेळेवर ये. हसबल्लाचा जीव भांड्यात पडला.

“माझं नाव घेऊन काय सांगत होतीस?” त्याने विचारले.

“सांगितलं, की त्या टेकडीवर आमचं घर होतं, आणि माझे बाबा तिथे जन्मले. जन्मभर ते दाराबाहेर थांबून दुसऱ्यांना आत पाठवत आले. म्हणून मला आत जायला मिळालं.”

हसबल्लाने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

एवढ्यात मागून टुकटुक रिक्षा आली. आत सनूसी, मांडीवर झाकलेली परात, फेटा एका बाजूला कललेला. तो खाली उतरला आणि परात हसबल्लाच्या हातात दिली, कारण परात धरून रागावता येत नाही.

“माझ्या दारावरून गेलास.”

“गेलो, दादा.”

“हात वर करून उभा होतो मी. सगळी भावकी बघत होती.”

“बोट थांबली नसती, दादा. मी शब्द दिला होता. तुमच्यासमोरच दिला होता.”

सनूसीने नदीकडे पाहिले. बोट वळून प्रवाहाला लागली होती, वरच्या डेकवर कोणीतरी काठी हलवत होते. मग त्याने इन्साफला विचारले, “पोचले सगळे?”

“पोचले, काका. अजानच्या आत.”

“सगळं दाखवून?”

“सगळं. उद्याचीही टोळी दिलीय.”

“हं. आणि ही बदकं आता कोणी खायची?”

“मी खाते, काका. सकाळपासून सगळ्यांनी खाल्लं, मी नुसती बोलत होते. पोटात कावळे ओरडताहेत.”

सनूसीच्या मिशीचे टोक जरासे हलले. “असं उभ्यानं खायचं नाही. घरी चल. चटया अजून घातलेल्याच आहेत.”

टुकटुकवाल्याला त्याने हातानेच परत पाठवले आणि नेहमीप्रमाणे गाडीचे पुढचे दार उघडले. सीटवर चित्रांची चळत होती, तिच्यावर पिवळे निशाण. इन्साफ सवयीने ते उचलायला पुढे झाली. हसबल्ला परात धरून जागच्या जागी उभा राहिला. सनूसीने निशाणाकडे पाहिले, मग तिच्या गळ्यातल्या परवान्याकडे.

“राहू दे,” तो म्हणाला. “ही गाईडची जागा आहे म्हणतात.”

त्याने दार जपून लावले, मागे गेला, वाकून आत शिरला आणि गुडघे छातीशी घेऊन बसला. इन्साफ पुढे बसली. हसबल्लाने परात भावाच्या मांडीवर ठेवली, गाडी सुरू केली.

“मागची सीट फार अडचणीची आहे रे,” थोडे अंतर गेल्यावर सनूसी कुरकुरला.

“हो दादा,” हसबल्ला म्हणाला, “हानम लग्नापासून तेच म्हणतेय.”